मॉडेलिंगचा एजंट पारखताना

भारतात मॉडेलिंग एजंट म्हणून धंदा सुरू करायला कसलाही वेगळा परवाना लागत नाही. वकिलाला सनद लागते, औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. मॉडेलिंग एजंटला एक मोबाइल आणि इन्स्टाग्रामचं खातं पुरतं. फ्रान्समध्ये लायसन्सशिवाय मॉडेल एजन्सी चालवता येत नाही. न्यूयॉर्क राज्यात जून २०२५ मध्ये लागू झालेल्या कायद्याने अशा कंपन्यांना सरकारी नोंदणी सक्तीची केली, कमिशन २० टक्क्यांवर बांधलं आणि करार करताना मॉडेलकडून अनामत घ्यायला मनाई केली. आपल्याकडे यातलं काहीच नाही. त्यामुळे ‘आमची एजन्सी गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड आहे’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याच्याशी पुढे बोलायची गरज उरत नाही. मॉडेलिंग एजन्सीला अशी मान्यता देणारं खातंच सरकारात नाही.

पण परवाना नाही म्हणून सगळेच भामटे, असंही नाही. मुंबईत हे काम तीन तऱ्हेची माणसं करतात आणि त्यांची सरमिसळ झाली की फसवणाऱ्याचं फावतं. पहिली एजन्सी: तिचे ठरलेले मॉडेल असतात, त्यांच्याशी लेखी करार असतो, ती त्यांची कामं, तारखा आणि पैसे सांभाळते. दुसरा कास्टिंग डायरेक्टर: तो जाहिरात किंवा मालिका बनवणाऱ्याच्या बाजूने चेहरे शोधतो, त्याचे पैसे निर्माता देतो, तुम्ही नाही. तिसरा को-ऑर्डिनेटर, आणि हा प्राणी खास मुंबईचा. याला ऑफिस नसतं, वेबसाइट नसते. व्हॉट्सॲपचे पाच-पन्नास ग्रुप, डोक्यात हजार चेहरे आणि दिवसभर कानाला फोन. ‘वय २२ ते २६, महाराष्ट्रीयन लुक, केस लांब, उद्या शूट’ असा मेसेज टाकतो आणि काम झालं की आपलं कमिशन घेतो. कागदावर तो कुठेच सापडत नाही, तरी शेकडो मुलामुलींची पहिली कामं अशाच माणसाकडून आलेली असतात. म्हणून ‘ऑफिस नाही म्हणजे फ्रॉड’ ही कसोटी मुंबईत चालत नाही. उलट अंधेरीत महिन्याच्या भाड्याने चकचकीत केबिन घेऊन, भिंतीवर नटनट्यांचे फोटो लावून लुटणारेच जास्त सापडतात.

मग कसोटी कोणती? पैसा कुठून कुठे जातो ते बघा. खरा एजंट तुमच्या कामातून कमावतो. ब्रँड किंवा प्रॉडक्शन हाऊस पैसे देतं, त्यातून तो आपला हिस्सा कापतो. हा हिस्सा साधारण २० टक्क्यांच्या आगेमागे असतो, काही जण २५-३० टक्केही घेतात. तुम्हाला काम नाही तर त्यालाही कमाई नाही. खोट्याची कमाई तुमच्या खिशातून होते आणि ती कामाच्या आधीच होते. नाव काहीही दिलेलं असो, रजिस्ट्रेशन, प्रोसेसिंग, ऑडिशन फी, कॉश्च्युम डिपॉझिट, कराराचा खर्च. काम मिळण्याआधी तुमच्याकडून त्याच्याकडे पैसा जात असेल, तर तो एजंट नव्हे.

हा डाव कसा रंगतो ते एकदा जवळून बघा. इन्स्टाग्रामवर मेसेज येतो: ‘डियर, तुमचं प्रोफाइल एका नामांकित ज्वेलरी ब्रँडसाठी शॉर्टलिस्ट झालं आहे. दोन दिवसांचं शूट, ऐंशी हजार मानधन.’ तुम्ही अर्ज केलेला नसतो, तुमचे फोटो लग्नातले आणि सहलीतले असतात, तरी शॉर्टलिस्ट झालेलं असतं. मग फोन. बोलणारी बहुधा मुलगी असते, गोड बोलते. आईने फोन घेतला तर लगेच ‘आंटी, तुम्हीपण सोबत या ना शूटला, राहणं-जेवण आमच्याकडे’ म्हणते. आईचा जीव भांड्यात पडतो. दुसऱ्या दिवशी ब्रँडचा लोगो असलेलं ‘कन्फर्मेशन लेटर’ येतं. त्यानंतर पहिली मागणी, तीही किरकोळ: दीड-दोन हजार, आणि तेही ‘रिफंडेबल’. ते भरले की कळतं, तुमच्याकडे ‘आर्टिस्ट कार्ड’ नाही, आणि त्याशिवाय सेटवर एंट्री नाही. त्याचे आणखी काही हजार. मग ड्रेसचं डिपॉझिट, मग कराराचा स्टँप. प्रत्येक वेळी रक्कम मागच्यापेक्षा मोठी आणि मुदत ‘आज सहा वाजेपर्यंत’. माणूस थांबत नाही, कारण थांबलं तर आधीचे बुडतील असं वाटत असतं. शूटच्या आदल्या दिवशी फोन बंद.

यातल्या आर्टिस्ट कार्डाबद्दल स्पष्टच सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त मुलं त्यालाच भुलतात. सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, म्हणजे ‘सिंटा’, ही नटांची संघटना आहे. तिचं सभासदत्व असतं, पण ते संघटनेकडे स्वतः अर्ज करून घ्यायचं असतं. त्रयस्थ माणसाला फोनवर पैसे पाठवून मिळणारं कार्ड म्हणजे लॅमिनेट केलेला कागद. कपड्यांच्या कॅटलॉगमध्ये किंवा जाहिरातीत उभं राहायला ‘आधी कार्ड काढा’ अशी अट खरा एजंट घालत नाही.

पोर्टफोलिओचं प्रकरण मात्र इतकं सरळ नाही. मॉडेलला चांगले फोटो लागतात आणि चांगला फोटोग्राफर फुकट काम करत नाही, हे खरंच आहे. त्यामुळे ‘पोर्टफोलिओ करून घे’ हा सल्ला देणारा लबाडच असेल असं नाही. तो पुढे काय म्हणतो ते ऐका. ‘कुठूनही कर, दोन-तीन जणांचे दर विचार’ म्हणाला तर माणूस बरा. ‘आमच्याच स्टुडिओत, आमच्याच पॅकेजमध्ये, याच आठवड्यात’ म्हणाला तर त्याचा धंदा फोटो विकण्याचा आहे, मॉडेल पुरवण्याचा नाही. तसंही सुरुवातीला पोर्टफोलिओचा खर्च टाळता येतो. एजन्सीला आधी हवे असतात साधे फोटो, ज्यांना ‘डिजिटल्स’ किंवा जुन्या सवयीने ‘पोलरॉइड’ म्हणतात. साधी भिंत, खिडकीचा उजेड, अंगाला नीट बसणारे साधे कपडे, मेकअप नाही, फिल्टर नाही. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठमोरा आणि चेहरा जवळून. बहिणीने फोनवर काढले तरी चालतात. सोबत उंची, मापं, बुटाचा नंबर आणि एक इंट्रो व्हिडिओ: नाव, वय, उंची, शहर, डावी-उजवी प्रोफाइल, शेवटी दोन्ही हात पुढून-मागून. अंगठीच्या किंवा साबणाच्या जाहिरातीत हातही बघतात ना! एवढ्यावर ज्याला तुमच्यात काही दिसत नाही, त्याला पन्नास हजारांच्या अल्बममध्येही दिसणार नाही.

आता कागदपत्रं. ती तपासायचीच, पण ती काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे ओळखून. फसवणारे गुमास्ता, म्हणजे दुकान-नोंदणीचा कागद, हमखास दाखवतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकीच माणसं कामाला असतील तर ऑनलाइन सूचना देऊन पावती घेतली की झालं. लघुउद्योगाचं उद्यम प्रमाणपत्रही स्वतःच्याच घोषणेवर आणि फुकट मिळतं. या दोन्हींवरून ‘एक धंदा आहे’ एवढंच कळतं. तो कसला आणि कसा चालतो, ते नाही. स्टँप पेपर तर कोणीही विकत घेऊ शकतो.

जीएसटी क्रमांक जास्त बोलका असतो. तो पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. त्या पॅनमधलं चौथं अक्षर, म्हणजे अख्ख्या क्रमांकातलं सहावं, मालकाची जात सांगतं: ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी संस्था, ‘पी’ असेल तर एकटी व्यक्ती. व्हिजिटिंग कार्डावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि क्रमांकात सहावं अक्षर ‘पी’, असं दिसलं की काय ते समजा. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता करदाता शोधता येतो. तिथे कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. ‘पंधरा वर्षांची एजन्सी’ गेल्या पावसाळ्यात नोंदलेली असते, असे शोध इथेच लागतात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल साधारणपणे २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे छोट्या को-ऑर्डिनेटरकडे क्रमांक नसणं गैर नाही. पण क्रमांक नसताना ‘प्लस १८ टक्के जीएसटी’ मागणारा सरळ खोटं बोलतोय. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिच्या स्थापनेची तारीख आणि संचालकांची नावं मिळतात. तुमच्याशी बोलणारा ‘डायरेक्टर सर’ त्या यादीत आहे का, बघा.

मोठ्या, नावाजलेल्या एजन्सीच्या नावाने संपर्क आला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रश्न एजन्सी खरी आहे का हा नसतो, बोलणारा तिथलाच आहे का हा असतो. प्रसिद्ध कास्टिंग डायरेक्टरांच्या नावाने बनावट खाती उघडून मुलींना मेसेज करणं हा तर रोजचा उद्योग झाला आहे. अशा वेळी आलेल्या नंबरवर उलट फोन करू नका. एजन्सीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर स्वतः शोधा आणि विचारा, ‘अमुक नावाचे गृहस्थ आपल्याकडे आहेत का?’ इन्स्टाग्रामवर ‘या खात्याविषयी’ हा पर्याय उघडला की खातं कधी सुरू झालं ते दिसतं, आणि बऱ्याच खात्यांचं नाव किती वेळा बदललं तेही. त्यांनी ‘आमचे मॉडेल’ म्हणून टाकलेले फोटो गुगल लेन्समध्ये घालून पाहा. रशियन कॅटलॉगमधली मुलगी इथे ‘पुण्याची रिया’ झालेली बऱ्याचदा सापडते.

तरीही या सगळ्या शोधाशोधीपेक्षा एक फोन मोलाचा. त्या एजंटमार्फत काम केलेल्या दोन-तीन मॉडेलशी बोला, आणि त्यांची नावं एजंटकडून घेऊ नका. त्याच्या कामांच्या फोटोंवर टॅग केलेले चेहरे स्वतः शोधा, नम्रपणे मेसेज करा. ‘अनुभव कसा होता?’ असं मोघम विचारलंत तर ‘छान’ एवढंच उत्तर येईल. विचारा: पैसे किती दिवसांनी आले? ठरलेलेच आले का? कुणाच्या खात्यातून आले? जाहिरातीच्या धंद्यात पैसे शूटनंतर ६० ते ९० दिवसांनी येतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे ‘तीन महिने लागले, पण आले’ हे चांगलं उत्तर आहे. ‘शूटच्या दिवशीच हातात ऐंशी हजार कॅश’ हे आमिष आहे. रीतसर कामात तुमचा पॅन मागितला जातो, टीडीएस कापला जातो आणि तो तुमच्या आयकर खात्यात जमा दिसतो. एजंट जी मोठी कामं सांगतो, त्यांचं प्रॉडक्शन हाऊस कोणतं, दिग्दर्शक कोण, हेही विचारा. खऱ्या माणसाला ही नावं तोंडपाठ असतात. खोटा ‘एनडीए आहे’, म्हणजे गुप्ततेचा करार आहे, म्हणतो. काही वेळा ते खरंही असतं, पण चालू कामाबद्दल. दोन वर्षांपूर्वी टीव्हीवर येऊन गेलेल्या जाहिरातीला कसलं गुपित?

ऑडिशनलाही पैसे पडत नाहीत. वर्सोव्याच्या आरामनगरमध्ये, यारी रोडला, ओशिवऱ्यात रोज शेकडो मुलं या दारातून त्या दारात फिरतात. दारावरचा पोरगा एक नजर टाकून ‘नॉट फिट’ म्हणतो आणि विषय संपतो. ऐकायला वाईट वाटतं, पण मला त्या रूक्षपणात प्रामाणिकपणा दिसतो. तुमच्याकडून काही उकळायचं नसलं की कोणी तुमची खोटी स्तुती करत नाही. पहिल्या भेटीत ‘तुझ्यात स्टार मटेरियल आहे’ म्हणणारा मात्र बहुधा पावतीपुस्तक जवळ ठेवून असतो.

ऑडिशन दिवसा, ऑफिसात किंवा स्टुडिओत, आणखी लोक असताना होते. हॉटेलच्या खोलीत, फार्महाऊसवर, रात्री दहानंतर होत नाही. पहिल्यांदा जाताना सोबत कोणी न्या. सोबतच्या माणसाला आक्षेप घेणारा एजंट तिथल्या तिथे बाद. अंतर्वस्त्रांच्या किंवा स्विमवेअरच्या ब्रँडसाठी सज्ञान मॉडेलचे तशा कपड्यांतले फोटो लागतात हे खरं, पण ते काम पक्कं होताना, कामाच्या जागी, इतरांसमोर घेतले जातात. व्हिडिओ कॉलवर ‘बॉडी चेक’ नावाचा प्रकार या व्यवसायात नाही. तसे फोटो एकदा गेले की पुढे धमकावून पैसे किंवा आणखी फोटो मागितले जातात. आणि हे मुलांच्या बाबतीतही घडतं. मुलगे सांगत नाहीत, एवढाच फरक.

सगळं जुळलं आणि करार पुढ्यात आला, तर तो घरी आणून वाचा. ‘इथेच सही करा’ म्हणणाऱ्याला ‘उद्या’ म्हणा. चार जागा नीट बघायच्या. एकाच एजन्सीशी बांधलं जाणार असाल तर किती काळ आणि कोणत्या शहरांपुरतं. नवख्याने एक वर्षाच्या पुढे बांधून घेऊ नये, असं माझं मत. कमिशन किती, आणि तुम्ही स्वतः मिळवलेल्या कामावरही ते लागू आहे का. करार सोडायचा तर नोटीस किती दिवसांची. ‘सोडल्यास पाच लाख दंड’ असली ओळ असेल तर सही नको. आणि चौथी जागा, जी कोणी वाचत नाही: फोटो कुठे आणि किती दिवस वापरले जाणार. वर्षभर, भारतात, छापील आणि डिजिटल, असं मोजकं लिहिलेलं हवं. ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ यावर सही केलीत तर दहा वर्षांनीही तुमचा चेहरा एखाद्या तेलाच्या बाटलीवर दिसेल आणि एक पैसा मिळणार नाही. आता त्यात एआयची भर पडली आहे. तुमच्या चेहऱ्याची डिजिटल प्रतिकृती बनवायची परवानगी त्या मजकुरात दडली असेल, तर ती खोडून घ्या किंवा तिचे वेगळे पैसे ठरवा.

लहान मुलांच्या पालकांनी आणखी एक गोष्ट विचारावी. बालकामगार कायद्याच्या नियमांनुसार मुलाला शूटला उभं करण्याआधी निर्मात्याने किंवा आयोजकाने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि त्याच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावे लागतात. ‘परवानगी कोण घेणार?’ एवढाच प्रश्न एजंटला विचारा. खरा सरळ उत्तर देईल. ‘बेबी मॉडेल हंट’ भरवून तुमच्या बाळाचे फोटो तुम्हालाच विकणारा गोंधळून जाईल.

स्पर्धाही पारखूनच घ्याव्यात. मॉडेल उज्ज्वला राऊत १९९६ च्या फेमिना लुक ऑफ द इयरमधून पुढे आली, त्यामुळे स्पर्धेचा रस्ता खोटा म्हणता येत नाही. पण हॉटेलच्या हॉलमध्ये होणारी, हजारोंची प्रवेश फी घेणारी आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला कुठला तरी सॅश देणारी स्पर्धा हा निव्वळ समारंभ आहे. हौस म्हणून जायचं तर जरूर जा. तिथून काम मिळेल ही आशा ठेवू नका.

दुबई, बँकॉक, मिलानचं आमंत्रण आलं तर दुप्पट सावध व्हा. परदेशात कामाला पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, आणि करमणूक क्षेत्रातली कामंही त्या कायद्याच्या कक्षेत येतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. त्यांना उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ‘आत्ता टूरिस्ट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ’ हे वाक्य ऐकलं की बोलणं तिथेच थांबवा. अमेरिकेत तर नावाजलेल्या फॅशन मॉडेललाही एच-१बीसारखा रीतसर व्हिसा काढावा लागतो. पासपोर्ट कोणाच्याही हाती ठेवायला देऊ नका, नावाजलेल्या एजन्सीच्याही नाही. शंका असेल तर १८००-११-३०९० या टोल फ्री क्रमांकावर प्रवासी भारतीय सहायता केंद्राला विचारता येतं.

आणि फसवणूक झालीच तर? पैसे ऑनलाइन गेले असतील तर तास-दोन तासांत १९३० वर फोन करा. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, चॅट, नंबर आणि खात्याच्या नावाचे स्क्रीनशॉट आधी जपून ठेवा. चिडून ब्लॉक करण्याची घाई नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, ‘मुंबईला जा’ असं सांगून पोलिसांना हात झटकता येत नाहीत. मुलीचा लैंगिक छळ झाला असेल आणि ती एजन्सी दहा माणसांपेक्षा लहान असेल, तर २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार जाते; मुदत तीन महिन्यांची आहे, आणि त्यासाठी तिने तिथे नोकरीला असण्याची अट नाही.

बहुतेक जण तक्रार करत नाहीत. रक्कम छोटी असते आणि घरात हसं होईल असं वाटतं. पण एकाच नंबरविरुद्ध पाच जिल्ह्यांतून पाच तक्रारी आल्या, तरच तो नंबर आणि त्यामागचं खातं पोलिसांच्या नजरेत भरतं. तुमचे दीड हजार गेले असतील, तर आज तक्रार कराच.